निरंक, कित्ता आणि पोटखराबा

शून्यं लिहून लिहून मी एकदा अख्खा सर्व्हर भरून दाखवला आहे.

त्या सर्व्हरवर अकरा व्हर्च्युअल मशिनं (सॉफ्टवेअरने उभे केलेले, आपण स्वतंत्र आहोत असं समजणारे कॉम्प्युटर) गुण्यागोविंदाने नांदत होती. रात्री साडेनऊला मी त्यातल्या एकात लॉगिन केलं, ‘डीडी’ या डेटा उतरवणाऱ्या आज्ञेची एक ओळ टाइप केली आणि जेवायला उठले. ओळीचा अर्थ साधा होता: या डिस्कवर जेवढी म्हणून मोकळी जागा आहे ती शून्यांनी भरून टाक. पाऊण तासाने ओटा आवरत असताना फोन वाजला. मग दुसरा. अकराच्या अकरा मशिनं जागच्या जागी थिजली होती.

व्हर्च्युअल मशिनची डिस्क म्हणजे शेवटी खालच्या खऱ्या सर्व्हरवरची एक फाइल. आतल्या मशिनला सांगितलेलं असतं की बाबा रे, तुझी डिस्क ५०० जीबीची, आणि ते बिचारं विश्वास ठेवतं. प्रत्यक्षात ती फाइल सुरुवातीला चिमूटभर असते आणि लिहिलं जाईल तशी वाढते. आमच्या या मशिनमध्ये महिनोन्‌महिने लॉग, म्हणजे कामकाजाच्या नोंदी, साठले आणि फाइल ३१० जीबीला पोचली. लॉग पुसले तेव्हा आत वापरात उरली फक्त ६० जीबी, बाहेरची फाइल मात्र ३१०वर ठाम. पुसणं म्हणजे आतल्या फाइल सिस्टिमने (डिस्कवर कुठे काय ठेवलंय याचा हिशोब राखणारी ती) स्वतःच्या वहीतली नोंद खोडणं. मजकूर तिथेच पडून असतो, आणि वरच्याने आपल्या वहीत काय खोडलं हे खालच्याला कळायला मार्ग नसतो.

यावर आमच्या धंद्यात एक जुना उतारा आहे. मोकळी जागा शून्यांनी भरायची, मग मशिन बंद करून त्या फाइलची नवी प्रत काढायची. प्रत काढणारं अवजार सलग शून्यं दिसली की गाळत जातं आणि नवी फाइल सडपातळ निघते. लहान डिस्कवर मी हे वीसेक वेळा तरी केलं असेल. या खेपेला एवढंच विसरले की प्रत बारीक निघण्याआधी मूळ फाइल पूर्ण ५०० ला फुगणार. म्हणजे लागणार होती आणखी १९० जीबी, आणि खाली शिल्लक होती १४०. डिस्कच्या लेखी शून्य हाही मजकूरच. त्यालाही इतर कुठल्याही अक्षराएवढीच जागा लागते.

ही मशिनं चालवायला आम्ही वापरतो ते क्यूएमू. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये सुरू केलेलं. त्याची एक सवय मला फार आवडते. खाली जागा संपली की आतल्या मशिनच्या तोंडावर एरर फेकण्याऐवजी ते मशिनलाच पॉज करतं. त्यामुळे आतला डेटा शाबूत राहिला. मी जुन्या आयएसओ फाइली (इन्स्टॉलेशनच्या सीडींच्या प्रती) उडवून ४० जीबी मोकळी केली आणि घाईघाईने सगळी मशिनं पुन्हा चालू केली. सगळी म्हणजे सगळी, ज्यात डीडी चालू होतं तेही. पॉज झालेल्या मशिनला मधल्या वेळेचा पत्ता नसतो. त्याने जिथे थांबलं होतं तिथून इमानेइतबारे शून्यं लिहायला घेतली आणि पाच-सहा मिनिटांत ते ४० जीबीही फस्त. दुसऱ्यांदा सगळं थिजल्यावर टीममधला एक नवा पोरगा अत्यंत अदबीने म्हणाला, “मॅडम, ते एक सोडून चालू करूया का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. माण तालुक्यात तलाठी होते, आता निवृत्त. माझा आवाज ऐकून म्हणाले, “झोपली नाहीस काय गं?”

सांगितलं थोडक्यात. यंत्र लिहीत बसलं आणि जागा संपली.

“लिहीत काय होतं एवढं?”

“शून्यं.”

“नुसती?”

“नुसती.”

पलीकडे जरा शांतता. मग, “निरंक लिहायचं की. एवढी शून्यं कोण काढत बसतं?”

मला हसूच आलं. कारण त्या रात्रीनंतर मी जे शोधणार होते, आणि जे क्यूएमूमध्ये कधीपासून आयतं होतं, ते नेमकं हेच होतं.

निरंक हा सरकारी दफ्तरातला शब्द. शाळेत कुणी शिकवत नाही, पण ज्याने महिनाअखेरीला तालुक्याला विवरणपत्रं पाठवली आहेत त्याच्या हाताला तो शब्द सहीसारखा वळणाचा झालेला असतो. गावच्या दफ्तरात एकवीस गाव नमुने. सात आणि बारा तेवढे लोकांना माहीत, कारण उतारा काढायला जावं लागतं. बाकीच्यांत कितीतरी रकाने असे की ज्यांत आमच्यासारख्या दुष्काळी गावात वर्षानुवर्षं लिहिण्यासारखं काही घडत नाही. अण्णा तिथे ओळ-ओळ शून्य मांडत नसत. रकान्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पट्टीने एक तिरकी रेघ, तिच्यावर ‘निरंक’, खाली सही. मिनिटभराचं काम. लहानपणी त्या रेघा मारायला पट्टी धरून मी बसत असे. मला वाटायचं मग नुसतं कोरं का नाही सोडत? एकदा विचारलंही. म्हणाले, कोरं ठेवलं तर दोन अर्थ होतात. एक, काही नाही. दोन, तलाठ्याने पाहिलंच नाही. आणि तिसरी भानगड म्हणजे कोऱ्या जागेत उद्या कुणीतरी काहीतरी घुसवतो.

(आमची आजी शून्याला पूज्य म्हणायची. एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस. तिच्या तोंडी एखाद्याच्या अकलेच्या नावाने पूज्य असायचं. देवालाही पूज्य आणि नसलेल्यालाही पूज्य, हे मला फार नंतर गमतीचं वाटलं.)

तर आता क्यूकाऊ-२. क्यूएमूच्या डिस्क फाइलींचा हा प्रकार. त्यात आख्ख्या डिस्कचे ६४ केबीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना म्हणायचं क्लस्टर. प्रत्येक क्लस्टरमागे एका तक्त्यात आठ बाइटांची एक नोंद: हा तुकडा फाइलमध्ये अमुक ठिकाणी आहे. तुकडा कधी लिहिलाच नसेल तर नोंद कोरी. आणि या आठ बाइटांतला अगदी शेवटचा एक बिट राखून ठेवला आहे तो निरंकसाठी. तो बिट १ असला की अर्थ: या क्लस्टरमध्ये सगळी शून्यं आहेत असं समज, कुठे वाचायला जाऊ नकोस.

हिशोब करून बघा. ५०० जीबीची डिस्क म्हणजे ८१ लाख ९२ हजार क्लस्टर. प्रत्येकी आठ बाइटांप्रमाणे सगळ्यांच्या नोंदी मिळून साडेबासष्ट एमबी. सेकंदाला दीडशे एमबी लिहिणाऱ्या साध्या हार्ड डिस्कवर ५०० जीबी शून्यं खरोखर उतरवायची तर तास लागतो. नोंदी बदलायला, अगदी एकूण एक बदलायच्या म्हटल्या तरी, अर्ध्या सेकंदाचा मजकूर. मी त्या रात्री जे फुगवलं ते काही एमबींत बसलं असतं.

पण मग तोच लहानपणीचा प्रश्न. नोंद कोरीच ठेवली तर? लिहिलेलं नाही म्हणजे शून्यच की. इथे गाठ आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. क्यूकाऊ-२ फाइलीला एक मूळ फाइल असू शकते. एक तयार मशिन बनवायचं, त्याची फाइल मूळ म्हणून ठेवायची आणि तिच्यावर वीस मशिनं काढायची. प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइलीत फक्त त्याने केलेले बदल. अशा फाइलीत कोरी नोंद म्हणजे ‘शून्य’ नव्हे. कोरी नोंद म्हणजे ‘मूळ फाइलीत काय आहे ते बघ’. सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली नसली की आजोबांचंच नाव चालू राहतं ना, तसं. नवीन फेरफार नाही म्हणजे जुनं कायम. आता या मशिनने मुळातला एखादा तुकडा शून्य करून टाकला आणि आपण म्हटलं, शून्यच तर आहे, सोडा कोरं, तर पुढच्या वाचनाला मुळातला पुसलेला मजकूर भुतासारखा परत उभा. म्हणून निरंकची वेगळी खूण लागते. ती खूण क्यूकाऊ-२ मध्ये आली २०१२ साली, क्यूएमू १.१ सोबत. त्याआधीच्या रचनेत कोरं आणि भरलेलं एवढंच होतं. भरलेल्यात मग शून्यं खरोखर मांडावी लागत.

खूण असली तरी ती करायची कुणी? आतलं मशिन शहाणं असेल तर स्वतःच सांगतं की एवढा भाग शून्य कर. डीडी तसं सांगत नाही. ते खरीखुरी शून्यं पाठवतं, जसं एखादा नवशिका कारकून प्रत्येक ओळीत गोल काढत बसतो. त्यासाठी २०१४ मध्ये, क्यूएमू २.१ मध्ये, ‘डिटेक्ट-झिरोज’ नावाची सोय आली. आलेला मजकूर लिहिण्याआधी तपासायचा, सगळी शून्यं असली तर लिखाणाऐवजी निरंकची खूण. पुढची पायरी ‘अनमॅप’: नुसती खूण नव्हे, आधी दिलेली जागाही परत घ्यायची. ही ओळ माझ्या सेटिंगमध्ये असती तर माझी फाइल फुगण्याऐवजी डीडी चालू असतानाच आक्रसत गेली असती. नव्हती. ती मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते.

बंद का ठेवतात? कारण तपासणी फुकट नसते, आलेला प्रत्येक बाइट बघायचा म्हणजे प्रोसेसरला काम. पण हे काम वाटतं तेवढं महाग नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे अर्धीच लागू पडते, आणि ते अर्धं फार कामाचं आहे. अलीकडच्या क्यूएमूत आधी तीनच शितं चेपून बघतात: पहिला बाइट, मधला आणि शेवटचा. त्यातलं एक जरी शून्य नसलं तर विषय संपला, हा खरा मजकूर, जाऊ दे पुढे. खरा मजकूर बहुधा असा लगेच पकडला जातो. तिन्ही शून्य निघाले तरच आख्खं पातेलं ढवळायचं, तेही एकेक बाइट न बघता प्रोसेसरच्या रुंद रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या कप्प्यात, ओंजळ-ओंजळ घेऊन. शून्य नाही हे एका शितावरून कळतं, शून्य आहे हे शेवटच्या शितापर्यंत कळत नाही.

अण्णांना मी हे सगळं टप्प्याटप्प्याने सांगत होते, रविवारच्या फोनवर. त्यांना त्यांचे शब्द मिळाले की ते खुलतात. स्कझी, म्हणजे डिस्कशी बोलायची एक भाषा, तिच्यातल्या ‘राइट सेम’ या आज्ञेबद्दल सांगितलं: एकच ब्लॉक पाठवायचा आणि म्हणायचं, हाच इथून पुढे दहा हजार ठिकाणी लिही. लगेच म्हणाले, “कित्ता.” बरोबर! वरच्या ओळीत जे, तेच खाली, मग कित्ता लिहून मोकळं. व्हर्च्युअल मशिनांच्याच धंद्यातल्या व्हीएमवेअर कंपनीने २०१० मध्ये आपल्या व्हीस्फिअर ४.१ मध्ये हेच साधलं. नव्या डिस्का शून्य करायचं ओझं सर्व्हरने न वाहता स्टोरेजला कित्ता सांगायचा. एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कांची ‘राइट झिरोज’ ही आज्ञा आणखी पुढची, तिच्यासोबत नमुन्याचा एक ब्लॉकसुद्धा जात नाही. कुठून आणि किती, बस. तो निरंक. आणि ‘डिस्कार्ड’ म्हणून तिसरी एक आहे, तिच्यात आणि निरंकमध्ये गल्लत करणारे मी फार बघितलेत. डिस्कार्ड ही विनंती आहे: मला ही जागा नको, घ्यायची तर घे. नंतर तिथे वाचलं तर शून्यच मिळेल असं वचन त्यात नाही. भाड्याने दिलेल्या डिस्कवर आधीच्या भाडेकरूची पत्रं नव्याच्या हाती लागू द्यायची नसतील तर विनंतीवर विसंबून चालत नाही, निरंकवर सही लागते.

हे सगळं वाचून असं वाटेल की न लिहिण्यात काय जोखीम. मलाही वाटायचं. २०१९ सालची एक गोष्ट आहे.

आतल्या मशिनने नव्या कोऱ्या क्लस्टरमध्ये फक्त ४ केबी लिहिले असं समजा. क्लस्टर ६४ केबीचा. उरलेल्या ६० केबीचं काय? तिथे पुढे वाचलं तर शून्य दिसायला हवं. म्हणून क्यूएमू ती ६० केबी शून्यं प्रामाणिकपणे लिहीत असे. नव्या पानावर एक ओळ लिहायची आणि खालच्या पंधरा ओळींत गोल काढत बसायचं. चार केबीच्या कामाला चौसष्ट केबीचं लिखाण, सोळापट. विखुरलेली छोटी लिखाणं करणाऱ्या डेटाबेसला हे किती जाचत असेल ते उघड आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या क्यूएमू ४.१ मध्ये यावर तोड निघाली. आधी खालच्या फाइल सिस्टिमला एका आज्ञेत सांगायचं की हा आख्खा क्लस्टर शून्य धर, आणि मग चार केबी तेवढे लिहायचे. तिरकी रेघ, निरंक, आणि वर एक ओळ. सुंदर.

आणि मग एक्सएफएस फाइल सिस्टिमवर ठेवलेल्या डिस्का बिघडू लागल्या. मशिनं चालता चालता फाइल सिस्टिमच्या चुका दाखवत, डेटा गायब. शोध घेतल्यावर निघालं ते असं: दोष लिनक्सच्या गाभ्यातल्या (कर्नेलमधल्या) एक्सएफएसचा होता, जुनाच, पण तोवर त्याच्यावर कुणाचा असा पाय पडला नव्हता. फाइलीच्या शेवटाच्या पलीकडची जागा शून्य करण्याचं काम चालू असताना त्याच वेळी त्याच्याही पुढे दुसरा खरा मजकूर लिहिला जात असला, तर तो मजकूर नष्ट होऊ शकत होता. एक कारकून पानावर निरंकची रेघ ओढतोय, शेजारच्याने पुढच्या पानावर नोंद केली, आणि रेघ तिथपर्यंत गेली. चूक त्या नव्या युक्तीची नव्हती. पण युक्ती आली नसती तर ती चूक उजेडातही आली नसती. डिसेंबर २०१९ च्या ४.२ मध्ये क्यूएमूने आपल्या बाजूने बंदोबस्त केला: फाइलीच्या शेवटापलीकडे शून्य करण्याचं काम चालू असेल तोवर त्या बाजूची बाकीची लिखाणं थांबवून धरायची. सगळ्यांनी पेनं खाली ठेवा, रेघ ओढून होऊ दे. वेग थोडा गेला, डेटा राहिला. त्या बाबतीत कुणीही माझा सल्ला मागितला नव्हता, पण मी तो सौदा केव्हाही केला असता.

जाता जाता एक. आतल्या मशिनने स्वतःची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर हे सगळं शास्त्र फोल. आत शून्य लिहिलं तरी बाहेर पोचतो तो निव्वळ गोंधळ, आणि गोंधळावर निरंक लिहिता येत नाही. तिथे डीडीचा उतारा करायला जाल तर माझी गत होईल, डिटेक्ट-झिरोज असूनसुद्धा.

आता आमच्याकडे डीडी कुणी चालवत नाही. २०१९ पासून लिनक्स ५.० आणि क्यूएमू ४.० च्या जोडीने व्हर्टिओ-ब्लॉक या व्हर्च्युअल मशिनांच्या साध्या डिस्कांनाही डिस्कार्ड कळायला लागलं. आतलं मशिन आठवड्यातून एकदा ‘एफएसट्रिम’ चालवतं, आपल्या वहीत खोडलेल्या नोंदींची यादी खाली कळवतं, आणि खालची फाइल तेवढी भोकं पाडून घेते. शून्यं लिहायचीच नाहीत, पुसल्याची वर्दी फक्त द्यायची. रविवारी पहाटे मी झोपेत असताना हे होतं.

गेल्या दिवाळीत अण्णा पुण्याला आले होते. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेले, ते शेजारी चष्मा वर करून बघत. “ते भरलं होतं ते कुठलं?” मी दाखवलं. त्याच फाइलीवर आधी ‘एलएस’ दिलं: ५०० जीबी. मग ‘डीयू’ दिलं: ६३.

“एकाच फाइलीचे दोन आकडे?”

म्हटलं, पहिला आहे तिची लांबी, कागदावरची. दुसरी खरी व्यापलेली जागा. मधे भोकं आहेत, ती लांबीत धरतात, पण डिस्कवर त्यांना जागा लागत नाही.

अण्णांनी चष्मा खाली घेतला. “म्हणजे क्षेत्र पाचशे, लागवडीखाली त्रेसष्ट. उरलेला पोटखराबा म्हण की.”

इतकी वर्षं मी हे नव्या पोरांना समजावतेय, फळ्यावर चौकोन काढून. नाला, खडक, वहिवाटेची वाट: गट तुमचाच, क्षेत्रात धरलेलाच, पण त्यावर आकारणी नाही. दोन शब्दांचं काम होतं.

मी खूश होऊन त्यांना बाकीची दहा मशिनंही दाखवली. प्रत्येकाला ५००, प्रत्येकाचा भरपूर पोटखराबा. सगळ्यांना मिळून साडेपाच टीबी कबूल केलेत आणि खाली खऱ्या डिस्का आहेत दोन टीबीच्या, हेही जरा अभिमानानेच सांगितलं.

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि सगळ्यांनी एकदम पोटखराबा लागवडीखाली आणला तर?”

मी म्हटलं, “चहा ठेवू का, अण्णा?”